लाईनीतली डावी चप्पल

चोरानंही जिला कधी हात लावला नाही अशी एक वस्तू मी एका रविवारी सकाळी, चार बायकांच्या साक्षीनं, स्वतःच्या हातानं जाळली. बाईमाणसाची डावी चप्पल होती ती. निळ्या पट्ट्याची, तळ तारेनं शिवलेला, आणि एकटीच. जाळताना मी नाकाला पदर लावून स्वच्छतेवर दोन शब्दही बोलले. माझं तेव्हाचं वय पंचेचाळीस, म्हणजे अक्कल यायला काही हरकत नव्हती. पण मी दहावी पास, त्यात माहेर नांदेडचं, वरून मनगटावर घड्याळ. एवढं सगळं एका बाईकडं असल्यावर अक्कल बिचारी राहणार कुठं?

चप्पल लिंबाजीभाऊजींची. म्हणजे त्यांच्या पायातली नव्हे, त्यांच्या पिशवीतली.

लिंबाजीभाऊजी माझ्या मालकांचे चुलतभाऊ. आमच्यापासून तिसरं घर. आमचं गाव कुरुंद्याच्या बाजूला, डांबरी सोडून फाट्यापासून आत चालत यावं लागतं असं. दिवस कलला की भाऊजी खताच्या गोणीची शिवलेली पिशवी खांद्याला अडकवून गल्लीगल्लीत आरोळी देत फिरतात, "उद्या कोन कोन आजारी हाय? डावी द्या, डावी!"

नवा माणूस ऐकून दचकतो. आमच्या गावात लग्न होऊन आलेल्या पोरी पहिल्या दिवशी घाबरून दार लावून घेतात. मग सासू सांगते, "भिऊ नको बाई, चप्पल मागून राहिले."

भानगड अशी. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात केसपेपरची खिडकी उघडते नऊला आणि बंद होते साडेबाराला. लाईन लागते सात वाजल्यापासून. आमच्या गावातून मुक्कामी एसटी सुटते सहाला, दुसरी गाडी थेट दहाला. आजारी माणसाला सहाच्या गाडीत कोंबून तीन तास उभं करायचं तर तो आजारानं मरायच्या आधी लाईनीनंच मरायचा. आणि दहाच्या गाडीनं गेलं की नंबर सत्तरावा, तोंडावर खिडकी बंद, 'उद्या या'. म्हणून भाऊजी सहाच्या गाडीनं पिशवी घेऊन जातात आणि खिडकीपासून ओळीनं गावाच्या चपला मांडतात. आजारी माणसं मागून दहाच्या गाडीनं, एका पायात चप्पल घालून येतात. आपली दुसरी चप्पल कुठपर्यंत सरकली ते बघतात आणि तिच्यात पाय घालून उभी राहतात.

आमच्या गावाची सगळ्या शहरात ओळखच ती. दवाखान्यासमोरचा चहावाला एका पायानं अनवाणी माणूस बघितला की विचारतो, "लिंबाजीच्या गावचे का?"

"डावीच काहून?" असं मी त्यांना विचारलं होतं.

"उजवी एसटीत चढाया लागती, वैनी."

"आणि दोन्ही का नाही ठेवत?"

"जोड दिसला की चोर उचलतो. एकीला चोर शिवत न्हाई. बराबर हाय का न्हाई?"

'बराबर हाय का न्हाई' हे त्यांचं प्रत्येक वाक्याचं शेपूट. उत्तराची वाट ते बघत नाहीत. दुसरं आवडतं वाक्य, "चप्पल भांडत न्हाई." माणूस लाईनीत उभा राहिला की भांडतो, पुढं घुसतो, ओळखी काढतो. चप्पल जिथं ठेवली तिथं राहते. इतक्या वर्षांत त्यांचा माणसांपेक्षा चपलांवर जास्त विश्वास बसलाय, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

चपला हाताळून हाताळून त्यांना वैद्यकीही यायला लागली. टाच एका बाजूनं झिजली की कंबर. अंगठ्याखाली खड्डा पडला की गुडघा. "तात्याची चप्पल यंदा हलकी लागून राहिली," म्हणाले एकदा, "माणूस वाळून राहिला. तपासून घ्या." तात्यांना साखर निघाली. डॉक्टर लोक केसपेपर बघतात, भाऊजी चपलेचा तळ बघतात, आणि माणसाचं तोंड बघायला दोघांनाही वेळ नसतो.

सवय इतकी लागली की पौर्णिमेला विहारात वंदनेला सगळे आत बसले की हे बाहेर चपलांची लाईन लावणार. एकदा बाहेर येऊन बघते तर माझी चप्पल पार शेवटी, उन्हात. मी चिडले. म्हणाले, "तुमाला काय झालंय, वैनी? तुमी ठणठणीत. पयले दमेवाले, मंग साखरवाले, मंग गरवार बाया." सगळ्या गावाची तब्येत पायरीखाली ओळीनं मांडली होती.

आता तुम्ही म्हणाल, गावात काहीच नाही का? आहे ना. उपकेंद्र आहे. पिवळ्या रंगाची इमारत आहे, 'चोवीस तास सेवा' अशी पाटी आहे आणि दाराला हे एवढं कुलूप आहे. किल्ली कोणाकडं आहे ते त्या कुलपालाच ठाऊक. पायरीवर शेळ्या बसतात, चोवीस तास. भाऊजी दर रविवारी त्या कुलपात तेल सोडतात. "उघडायचा टाईम आला आन् गंजून बसलं तर?" इतकी वर्षं झाली. कुलूप अजून लोण्यासारखं मऊ आहे.

मी तेव्हा या सगळ्याला हसायचे. माहेरी गेले की बहिणीच्या घरी चहाबरोबर लिंबाजीभाऊजी वाढायचे. बहिणीच्या जिन्याखाली डॉक्टर, कोपऱ्यावर औषधाची तीन दुकानं. लेकराला शिंक आली तर दुसरी शिंक डॉक्टरसमोर. ती लोळून लोळून हसायची, "अगं, चप्पल ठेवतात? लाईनीत?" आणि मी, जणू मी त्या गावची नव्हेच, अशी नक्कल करून दाखवायचे, "डावी द्या, डावी!" टाळ्या मिळायच्या. परत येताना त्याच कोपऱ्यावरून सासूच्या गोळ्या महिन्याभराच्या घेऊन यायचे. गावात मिळत नव्हत्या ना.

त्या लाईनीत एक गोष्ट मला खटकायची. सगळ्यात पुढं, खिडकीला अगदी चिकटून, असायची ती निळ्या पट्ट्याची बायकी चप्पल. गावात ती कोणाचीच नव्हती. बाकी चपला संध्याकाळी ज्याच्या त्याच्या घरी परत जायच्या, ही पिशवीतच राहायची. आणि खिडकी उघडली की भाऊजी लाईनीवर एक नजर टाकून कोणातरी परक्यालाच त्या चपलेच्या जागी उभं करायचे. आमच्या गावचाही नसायचा तो.

मी एकदा सरळ विचारलं, "भाऊजी, पयला नंबर कोनाचा?"

"लागंल त्याचा."

"मग चप्पल कोनाची?"

"लाईनीची," म्हणाले आणि तेलाची बाटली घेऊन उपकेंद्राकडं गेले.

मी नळावर जाऊन सांगितलं की लिंबाजी पहिला नंबर विकतात. पुरावा? माझं घड्याळ.

मग आलं ते स्वच्छ गावाचं बक्षीस. कमिटी बघायला येणार होती आणि बायकांच्या गटाची पुढारी मी. रविवार होता. खराट्यांची फौज घेऊन मी एसटीच्या थांब्यावर गेले. तिथं खिळ्याला भाऊजींची पिशवी टांगलेली. ती ते घरी कधी नेत नसत. दवाखान्याची लाईन घरात आणू नये म्हणायचे. मी पिशवी उलटी केली. पडली एकच चप्पल, ती निळी.

"बघा, ही आपल्या गावाची अब्रू!" असं म्हणून मी ती कचऱ्याच्या ढिगावर फेकली आणि काडी लावली. रबर ते, चांगलं पेटलं.

तेवढ्यात भाऊजी आले. हातात तेलाची बाटली. पिशवी बघितली, मग ढीग बघितला. निळा पट्टा तेवढा दिसत होता, तोही आकसला. बायका गप झाल्या. गप राहायची अक्कल मला एकटीलाच नव्हती.

"एका चपलेचं काय करता, भाऊजी?" मी म्हटलं. "दुसरी असती तर गोष्ट वेगळी."

"दुसरी तिच्या पायात गेली, वैनी," असं म्हणाले, आणि खाली बसून पिशवीची घडी घालायला लागले.

मला काही कळलं नाही. सोजरमावशीनं मला कोपराला धरून बाजूला नेलं. आमच्या शेजारची म्हातारी, एरवी हळू बोलायची, त्या दिवशी बोलली नाही हळू.

"सुभद्राची व्हती ती. लिंबाजीच्या बायकोची. तुला काय ठावं, तू तवा नांदेडला."

खरं होतं. दोन वर्षांमागं सुभद्रा गेली तेव्हा मी थोरलीच्या बाळंतपणासाठी नांदेडला होते. अर्थात नांदेडला, लेकीचं बाळंतपण त्या कुलपाच्या भरवशावर करायची माझी छाती नव्हती. परत आले तेव्हा कळलं, ताप डोक्यात गेला. लिंबाजीच्या डोक्यावरही थोडा परिणाम झाला म्हणाले लोक, चपला गोळा करतो. मी पुढं काही विचारलं नव्हतं.

सोजरमावशीनं सांगितलं ते असं. सुभद्राला तापात दहाच्या गाडीनं नेली. लाईन फाटकापर्यंत. तिला उभं राहवेना, म्हणून लिंबाजीनं तिला लिंबाखाली निजवलं आणि तिची डावी चप्पल काढून लाईनीत ठेवली. एका जागी थांबायचं तरी कुठं? तिला पाणी पाजायचं, की चप्पल पुढं सरकवायची? हा आपला झाडापासून लाईनीकडं, लाईनीपासून झाडाकडं. पुढच्या लोकांना हात जोडले, म्हणे माझी बाई लई आजारी हाय. लोक म्हणाले, आमी काय लग्नाला आलो का?

"चप्पल पोचली खिडकीपतुर," सोजरमावशी म्हणाली. "सुभद्रा न्हाई पोचली."

तेव्हापासून रोज पहिला नंबर तिचा. पहिली गाडी गाठायची, खिडकीला तिची चप्पल लावायची. आणि मग मागच्या लाईनीत, झाडाखाली, पायरीवर जो कोणी उभाच राहू शकत नाही, त्याला तिच्या जागी नेऊन उभं करायचं. कुठल्या गावचा, कोणाचा, विचारायचं नाही.

ते मी जाळलं होतं. बक्षिसासाठी. कमिटी तर आलीच नाही. रस्ता खराब म्हणून फाट्यावरूनच वळली.

आज मी सत्तरीला टेकले. भाऊजी माझ्यापेक्षा मोठे. दवाखान्यात आता नंबराचं यंत्र बसलंय. ते बहुतेक दिवस बंद असतं आणि त्याच्यावर 'यंत्र बंद आहे' असा कागद चिकटवलाय, तो मात्र कधी पडत नाही. घरबसल्या मोबाईलवर नंबर लावा म्हणतात. नांदेडला माझी बहीण लावते. नंबर आला की फोनच तिला उठवतो. आमच्याकडं रेंज येते पाण्याच्या टाकीवर. दम लागणाऱ्या माणसानं दम लागतो हे सांगायला टाकीवर चढायचं. भाऊजी म्हणाले, "मोबाईल लाईनीत ठेवला तर कोनीबी उचलून नेईल. चप्पलच बरी."

मागच्या साली माझाच गुडघा धरला. डावी देऊन दहाच्या गाडीनं गेले. लंगडत पोचते तो भाऊजी माझ्या जागी कळमनुरीकडच्या एका बाईला उभं करत होते. तिच्या खांद्यावर लेकरू, झटके येऊन डोळे पांढरे झालेलं. मी म्हटलं, "आन् माझं?" म्हणाले, "तुमाला गुडघा हाय. गुडघा कुठं जात न्हाई. बसा." बसले. खिडकी बंद झाली. गुडघा खरंच कुठं गेला नाही, अजून आहे. त्या लेकराचं पुढं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. कधीच कळत नाही.

भाऊजींच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू पिकलाय. चपला हातानं चाचपून ओळखतात. तुमच्यामागं ही पिशवी कोण उचलणार, असं मी विचारते. ते म्हणतात, "तवर आपलं कुलूप उघडंल की." मला नाही वाटत. तेल संपेल, भाऊजी संपतील, कुलूप तसंच राहील. पण हे मी त्यांना सांगत नाही. त्यांना खरं सांगायचा हक्क मी त्या रविवारीच घालवला.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. मी माफी मागायला गेलेच नाही. दार लावून बसले. वाटलं, आता ते शिव्या देतील, मालकांना सांगतील, निदान बोलायचं तरी सोडतील. सोमवारी साडेपाचला दार वाजलं. बाहेर मुक्कामी गाडी धूर काढत उभी होती आणि ओट्याखाली लिंबाजीभाऊजी, पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलेलं. वर बघितलं नाही. म्हणाले,

"वैनी, तुमची डावी द्या. पयला नंबर रिकामा ठिवता येत न्हाई. कोनीतरी घरून निघालं असंल."