डासांना कार्यालयीन वेळ लावण्याविषयी

शिस्त ही वरून लादता येत नाही. ती अळीअवस्थेतच अंगी बाणवावी लागते. हे सत्य प्रथम ओळखण्याचा मान आमच्या नगरपालिकेच्या डास संशोधन शाखेकडे जातो. (शाखेत एक संशोधक बाई, एक साहेब आणि बरेच डास आहेत.)

अभ्यासाअंती असे आढळले, की डासाची वाढ ऊब आणि उजेड यांच्या तालावर चालते. पाणी कोमट असले की अळी भराभर वाढते, गार असले की रेंगाळते. (फायलींचेही हिवाळ्यात असेच होते. उन्हाळ्यातही होते.) आणि दिवस मावळू लागला की कोषातून डास बाहेर पडतो, म्हणजे नेमका कार्यालय सुटल्यावर. हा सरळसरळ आज्ञाभंग होता.

अशातच बाईंची नोकरी कायम करायची की नाही, हे ठरवायला समिती येणार असल्याचे कळले. समिती सकाळी अकराला येऊन कोषातून निघणारा डास प्रत्यक्ष पाहणार होती. समितीची वेळ बदलणे शक्य नव्हते, म्हणून बाईंनी सूर्याची बदलली. खिडक्यांना काळा कागद, रात्रभर दिवे आणि सकाळी साडेदहाला तिन्हीसांजा.

घरी सासूबाई म्हणाल्या, "अगं, डासांची एवढी उठाठेव! माझ्या मुलाला कधी वेळेवर उठवलंस का?"

"आई, डास कोषातून निघतात तरी. तुमचा मुलगा पांघरुणातून निघत नाही."

थोड्याच दिवसांत डास अकराच्या ठोक्याला बाहेर पडू लागले. वक्तशीरपणाचे प्रमाण डासांत ब्याण्णव टक्के, तर नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांत एकतीस टक्के भरले (साहेबांना वगळल्यास चौतीस).

समितीच्या दिवशी साहेबांनी अळ्या-कोषांच्या पाण्याच्या तसराळ्यांवरची जाळी स्वतःच्या हाताने काढली. "मान्यवरांना जाळीआडून दाखवायचं? बरं दिसतं का ते?" वर स्वागतासाठी दार सताड उघडे ठेवले. अकरा वाजले. डास निघाले, पंख वाळेपर्यंत थांबले, आणि कोणीच येत नाही असे पाहून दारातून चालते झाले. बाई जाळी घेऊन व्हरांड्याच्या टोकापर्यंत धावल्या. मग स्टुलावर बसून त्यांनी डोळ्यांना पदर लावला. नोकरी गेलीच, असे त्यांना वाटले.

समिती साडेपाचला आली. (मध्ये सत्कार, जेवण आणि जेवणोत्तर चिंतन झाले. चिंतन डोळे मिटून झाले.) अध्यक्ष तसराळ्यावर वाकले. आत पाणी आणि रिकामी टरफले.

"डास कुठेत?"

बाईंच्या तोंडून खरे तेच निघाले. "एकही उरला नाही, साहेब."

अध्यक्षांनी तसराळ्यासमोर हात जोडले. "एकही नाही! हे ऐकायला इतकी वर्षं कान आसुसले होते हो!"

शहर तिथल्या तिथे डासमुक्त जाहीर झाले, फवारणी बंद झाली, बाई कायम झाल्या. खुलासा करायला त्यांनी तोंड उघडले होते. साहेबांनी त्यात मिठाई कोंबली. बाईंना ती गोड लागली.

तेव्हापासून शहरात जो डास आढळतो, तो सरकारी नव्हे, खासगी समजावा. तो तुमच्या कुंडीखालच्या बशीत, काळ्या कागदाविना आणि अनुदानाविना वाढतो आणि अगदी वेळेवर कामाला लागतो. हे वाचताना तुमचा हात दोनदा घोट्याकडे गेला. त्या बशीकडे एकदाही गेला नाही.