हीच ती अझुकी

रविवारी सकाळी साडेसहाला ताकुजी इसोबे यांनी परसातल्या आवारावरची जाळी उचलली, पाण्याचं तापमान पाहिलं, वहीत लिहिलं आणि मग कासवं मोजली. दोन भरली. तीन असायला हवी होती.

छत्तीस वर्षं त्यांनी गावच्या पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासलं होतं. एकदाच मोजून त्यांचा कशावर विश्वास बसत नसे. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. दोन्ही नर दगडावर माना ताणून ऊन खात होते. मादी, म्हणजे अझुकी, कुठेच नव्हती.

दोन चटयांएवढं ते आवार त्यांनी निवृत्तीनंतरच्या बारा वर्षांत घडवलं होतं. तो पिंजरा वाटू नये, ओढ्याचा काठ वाटावा, हा त्यांचा हट्ट. शेवाळलेले दगड, नेचे, वेखंडाची रांग, बोटभर जाडीची पाण्याची धार आणि उन्हाच्या बाजूला अंडी घालायला वाळूचा उतार. त्यांची बायको फुसाए म्हणायची, "आलेल्या माणसाला झाडं दिसतात, दगड दिसतात. कासव काही दिसत नाही." इसोबेसान ही स्तुती समजत.

एवढं करूनही बारा वर्षांत अझुकीने एकदाही अंडी घातली नव्हती. आणि याच गुरुवारी, तिचं वजन करताना मागच्या पायापुढे बोट लावल्यावर, आत काहीतरी टणक आणि गोल लागलं होतं. एकापेक्षा जास्त. इसोबेसान घरात येऊन एवढंच म्हणाले, "आहेत." फुसाएने त्या दिवशी शुभकार्याला करतात तसा तांबडा भात केला होता.

आता जाळीची कडी उघडी होती. शनिवारी फुसाएने जाळी बाजूला करून शेजारच्या कठड्यावर गादी वाळत घातली होती. दोघांनी कडीकडे पाहिलं. कडीबद्दल कोणी काही बोललं नाही.

"वाळू उकरून बघितलीत?" फुसाएने विचारलं.

"जूनमध्ये वाळूला हात लावायचा नाही." उतारावर तशी लाकडी पाटीच होती, त्यांच्याच अक्षरातली.

"आणि ती आतच असली तर?"

"आत असली तर अंडी घालायच्या बेतात असेल. मग तर अजिबातच हात लावायचा नाही."

इसोबेसान टोपी घालून कोपऱ्यावरच्या पोलीस चौकीत गेले.

चौकीतले शिपाई मिझोगुची तरुण आणि नीटनेटके होते. त्यांनी हरवलेल्या वस्तूचा अर्ज पुढे ओढला.

"वस्तूचा रंग?"

"वस्तू नाही, कासव आहे."

"कायद्यानं वस्तूच, इसोबेसान. मीही आधी असाच वाद घातला होता." मिझोगुचींनी चौकोनी, ठसठशीत अक्षरात 'तपकिरी' लिहिलं आणि सुस्कारा सोडला. "तुमचं हरवलंय ते एक बरं. सापडलं की जास्त ताप. मालक येईपर्यंत तीन महिने आम्ही सांभाळायचं."

मागच्या खोलीत काहीतरी प्लास्टिकवर खरवडल्यासारखं वाजलं.

"नळ गळतोय," मिझोगुची घाईघाईने म्हणाले.

गळणाऱ्या नळाचा आवाज असा नसतो, हे इसोबेसानांइतकं गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. पण त्यांच्या मनात अझुकी होती.

घरी फुसाए गल्लीच्या फिरत्या पाटीला लावायची सूचना लिहायला बसली होती. ही पाटी बावीस घरं फिरते. वाचायचं, आपला शिक्का मारायचा आणि शेजारी द्यायची. इसोबेसानांनी मजकूर सांगितला: पाठीची लांबी १६.८ सेंटिमीटर, वजन ७४२ ग्रॅम, कवचाची मागची कड करवती, शेपूट लांब.

"लोकांना कासव शोधायचंय. परीक्षेला नाही बसायचंय," फुसाए म्हणाली, आणि तिने लिहिलं: 'तपकिरी कासव हरवलं आहे. भाताच्या वाडग्याएवढं. पोटात अंडी आहेत. आम्ही दोघं फार काळजीत आहोत.' खाली तिने चित्र काढलं. ते जगातल्या कुठल्याही कासवाला लागू पडलं असतं.

सोमवारी दुपारी नागाओसान आले. ते गल्लीच्या मंडळाचे अध्यक्ष, वय अठ्ठ्याहत्तर, गेल्याच वर्षी गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. पँट गुडघ्यापर्यंत ओली, हातात बादली.

"सापडली हो! कालव्यात उतरलो. पाय घसरला, पण म्हटलं, अंडी आहेत पोटात, सोडायची नाही!"

इसोबेसानांनी बादलीत पाहिलं. कानामागे लाल पट्टा, पुढच्या पायाला लांब नख्या. लाल कानाचं अमेरिकन कासव. शिवाय नर. त्यांनी तोंड उघडलं.

"अगं बाई! हीच ती!" मागून फुसाए म्हणाली आणि कमरेत वाकली. "तुम्ही या वयात पाण्यात उतरलात आमच्यासाठी!"

"छे, छे, त्यात काय. पण हे कुठे बोलू नका हं. उगाच माझं नाव नको." नागाओसान मोकळ्या बादलीनिशी, ओल्या पँटीच्या मानाने फारच चपळ पावलांनी गेले.

"फुसाए, तो नर आहे."

"गुडघा बघितलात त्यांचा? त्यांना 'ही नव्हे' म्हणून सांगणार होतात तुम्ही?"

"मग आता कालव्यात सोडून येतो."

"या की."

पण तसं करता येत नव्हतं. ही जात पाळायला परवानगी आहे, मोकळी सोडली तर गुन्हा. इसोबेसानांनी नराचं वजन केलं, वहीत नवं पान उघडलं आणि त्याला कपडे भिजवायच्या टबात ठेवलं. फुसाएने परतभेट म्हणून गोड वड्यांचा डबा नागाओसानांकडे पोचवला.

मंगळवारी टोफूवाल्या कुवाबाराबाई आल्या. त्यांच्या टोपलीत काळंकुट्ट, उग्र वासाचं कासव होतं.

"भाताच्या खाचरात होती बिचारी. चिखलानं काळी पडली असेल, नाही का?"

"असेल, असेल," फुसाए म्हणाली. इसोबेसानांनी कासवाला दोनदा धुतलं. ते काळंच राहिलं.

"हे तरी सोडता येईल ना?" फुसाएने विचारलं.

"कायद्यानं येईल. पण ही जात आपल्या इथल्या जातीशी संकर करते. मला नाही सोडवणार."

"मग तुमची सूचना परत घ्या."

"फिरती पाटी मध्येच कशी परत मागवणार?"

खरंच होतं. पाटी निघाली की बावीस घरं फिरूनच परत येते. इतक्या वर्षांत ती कोणी अडवलेली नव्हती. तेव्हा पाटी जसजशी पुढे सरकत गेली, तसतशी अझुकी सापडत गेली. शुक्रवारी दारूच्या दुकानाचे मित्सुदासान दोन्ही हातांनी कवटाळून एक घेऊन आले. वजन सव्वादोन किलो.

"वाडग्याएवढी म्हणाला होतात," ते घाम पुसत म्हणाले, "पण अंडी आहेत ना पोटात, फुगली असेल."

"फुगली असेल," इसोबेसान म्हणाले. खोटं बोलायची त्यांना एव्हाना सवय होत चालली होती.

"आणि बरं का, हे आपल्या दोघांतच."

सव्वादोन किलोची अझुकी टबात मावेना, म्हणून ती न्हाणीघरातल्या हौदात गेली आणि इसोबेसान अंघोळीला सार्वजनिक स्नानगृहात जाऊ लागले. तिथे एका संध्याकाळी ते गरम पाण्यात गळ्यापर्यंत बुडून बसले असताना उजवीकडे नागाओसान आले, डावीकडे मित्सुदासान. तीन माना पाण्यावर, तिन्ही माथ्यांवर घडी केलेले टॉवेल.

"कशी आहे ती?" नागाओसानांनी हळूच विचारलं.

"खातेपिते ना?" डावीकडून मित्सुदासान.

"उत्तम आहे," इसोबेसान मधोमध पाहत म्हणाले. दोन्हीकडचे चेहरे खुलले. मग दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं आणि तिघंही हनुवटीपर्यंत पाण्यात गेले.

दहाव्या दिवशी पहाटे दारात खोकं सापडलं. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेलं चौथं कासव आणि चिठ्ठी: 'बहुधा हीच असावी. आभाराची गरज नाही.' नाव नाही. अक्षर चौकोनी, ठसठशीत.

इसोबेसान पायरीवरच बसले. त्यांच्या वहीत आता चार नवी पानं होती आणि जिच्यासाठी वही होती तिचं पान दहा दिवस कोरं होतं. "अंडी एव्हाना घातली असतील तिनं," ते म्हणाले. "रस्त्याकडेला कुठेतरी. कोणाला कळणारही नाही तिथे अंडी आहेत ते."

फुसाए त्यांच्या शेजारी टेकली. "कडी मीच लावायची विसरले. गादी उचलायच्या घाईत."

"नाही. शनिवारच्या पानावर लिहिलंय मी. 'कडी सैल, उद्या बदलणे.' मीच बदलली नाही."

"दहा दिवस बोलला नाहीत ते!"

"तूही नाही बोललीस."

दोन दिवसांनी, पावसाने उघडीप दिल्यावर, इसोबेसान नेहमीसारखे साडेसहाला परसात गेले आणि जाळी उचलून तिथेच थिजले. वाळूच्या उतारावर, 'हात लावायचा नाही' या पाटीच्या बरोबर खाली, अझुकी पाठमोरी उभी होती. कवचावर नेच्याची मुळं आणि वाळलेला चिखल. मागच्या पायांनी ती एका खड्ड्यावर वाळू लोटत होती, एकदा डावा पाय, एकदा उजवा, अजिबात घाई न करता.

बारा दिवस ती नेच्याखाली, त्यांच्या पायापासून दोन हातांवर स्वतःला पुरून घेऊन बसली होती.

"फुसाए!" त्यांनी कुजबुजत हाक मारली. कासवाला त्रास होऊ नये म्हणून ती इतकी हळू मारली की फुसाएला ऐकूच आली नाही. ती दहा मिनिटांनी आपण होऊन आली, पाहिलं, आणि पदराला हात पुसावेत तसे एप्रनला हात पुसत राहिली.

"म्हटलं नव्हतं मी? कासव काही दिसत नाही म्हणून." मग तिने नाक पुसलं.

सहा अंडी होती. ती उबवणीच्या पेटीत नीट मांडून झाल्यावर इसोबेसानांनी कोरा कागद घेतला. "खरं काय ते लिहून टाकतो. अझुकी घरातच होती."

"आणि त्या सगळ्यांनी आणली ती कोण? तोंड दाखवायला जागा राहील का त्यांना?"

तेवढ्यात रस्त्यावरून टोफूच्या गाडीचा भोंगा वाजला. टबातल्या काळ्या कासवाने मान ताणली आणि भोंग्याच्या दिशेच्या कडेला जाऊन पंजे मारायला सुरुवात केली. भोंगा दूर जाईपर्यंत ते थांबलं नाही.

दोघं टबाकडे बघत राहिले.

"खाचरातलं कासव," फुसाए सावकाश म्हणाली, "टोफूच्या गाडीला ओळखतं?"

इसोबेसानांनी वही उघडली. नागाओसानांच्या नराच्या पोटावर फिकट शाईत 'सहावी, तुकडी दुसरी' असं लिहिलेलं होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी ते नोंदवलं होतं आणि पुढे लिहिलं होतं, 'कारण अज्ञात'. मित्सुदासानांच्या कासवापुढे लिहिलं होतं: 'फक्त खारे शेंगदाणे खाते. बंद करावे.'

"कारण अज्ञात!" फुसाए हसता हसता जमिनीवर बसली. "अहो, यांनी आपापली कासवं आणून टाकलीत! सोडता येत नाहीत, सांभाळवत नाहीत. आणि आपण त्यांना वड्यांचे डबे पोचवले!"

इसोबेसान हसले नाहीत. ते परसाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी मोजपट्टी आणली.

ऑगस्टअखेर पाच पिल्लं बाहेर आली. प्रत्येकी सहा ग्रॅम, पाचशे येनच्या नाण्याएवढी. फिरत्या पाटीवर फुसाएची सूचना निघाली: 'अझुकीला ज्यांनी घरी आणून पोचवलं, त्यांना परतभेट द्यायची आहे. रविवारी चार वाजता यावं.'

चार वाजता फाटकाशी तिघं भेटले.

"तुम्ही इकडे कसे?" नागाओसानांनी विचारलं.

"सहज," मित्सुदासान म्हणाले.

"मीही आपली सहजच," कुवाबाराबाई म्हणाल्या. तिघांच्याही हातात अभिनंदनाचे डबे होते.

फुसाएने त्यांना परसात नेलं. जुन्या आवाराशेजारी आता दुसरं होतं, दुप्पट मोठं. खोल तळं, वेत, वाकडा ओंडका. ओंडक्यावर चार कासवं ओळीने ऊन खात होती. नागाओसान खोकले.

लाल कानाच्या नराने मान वळवली, पाण्यात उडी टाकली आणि तळं ओलांडून थेट नागाओसानांच्या बुटांपुढे येऊन मान उंच केली. नागाओसान आकाशाकडे पाहू लागले. कासव हलेना. ते पुन्हा खोकले, चुकून. कासव आणखी पुढे आलं.

"वहीसाठी विचारतो," इसोबेसान अतिशय आदराने म्हणाले. "याचं नाव ठाऊक असतं तर बरं झालं असतं."

नागाओसानांनी हातातला डबा फुसाएच्या हातात दिला.

"चिकुवा," नागाओसान म्हणाले. "लहानपणी त्या नावाची माशाची सुरळी फार आवडायची त्याला. मुलीनं जत्रेतून आणला होता. ती लग्न होऊन गेली, हा राहिला. माझ्यानं आता खाली वाकवत नाही हो, इसोबेसान." ते वाकले नाहीत, पण त्यांनी बुटाचं टोक हळूच पुढे केलं. चिकुवाने त्यावर हनुवटी टेकवली.

"काळीचं नाव फुकी," कुवाबाराबाई पुटपुटल्या.

"योकोझुना, सुमोच्या महामल्लासारखी," मित्सुदासान म्हणाले. "शेंगदाणे देता ना तिला?"

"नाही," इसोबेसान म्हणाले.

फुसाएने परतभेट पुढे केली. ती फिरती पाटी होती. वर लिहिलं होतं, 'कासवांना खाऊ घालण्याच्या पाळ्या', खाली वार आणि नावं: सोमवार नागाओ, मंगळवार कुवाबारा, बुधवार मित्सुदा. गुरुवारपुढची जागा कोरी. तिघांनी पाटीकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. फिरत्या पाटीला नाही म्हणायची रीत नव्हती. मुकाट्याने तीन शिक्के उमटले.

पाटी गल्ली फिरून अकरा दिवसांनी परत आली. गुरुवारपुढे एक लहान, गोल, नीटनेटका शिक्का होता: मिझोगुची. शेजारी चौकोनी, ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, 'ड्यूटी संपल्यावर, सहानंतर चालेल का?'