इंगवले सरांची दुसरी हजेरी

इंगवले सर जमिनीवरची वस्तू कधी हाताने उचलत नसत. चप्पल, कांदा, आमच्या मुलीचा खोडरबर, काहीही असो. पायाने अलगद उडवायचे आणि मग झेलायचे. दहा कांद्यांतले सात हाती येत, तीन सोफ्याखाली जात. हा हिशेब माझा. इथे आखातात, तुबलीतल्या एका गॅरेजात मी स्पेअर पार्टचं स्टोअर सांभाळतो, सवय जात नाही.

जिदहफ्सला ते आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत आणि शाळेत पीटी शिकवत. कुटुंब कोल्हापुरात. “आमच्या पेठेतला पहिला प्रोफेशनल फुटबॉलर मी,” हे प्रत्येक नव्या माणसाला ऐकावं लागे.

“पगार काय होता, सर?” मी एकदा विचारलं.

“रोज लिटरभर म्हशीचं दूध, समोर पिळलेलं. वर चार अंडी.”

“याला पगार नाही, रतीब म्हणतात.”

“तुम्हाला घातला का कुणी?”

यंदा युद्ध आलं आणि शाळा ऑनलाइन झाली. शाळेने पीटीचा तास काढून टाकला. सर मुख्याध्यापकांच्या मागे लागून आठवड्याला वीस मिनिटं परत घेऊन आले. त्यांच्या खोलीत नेट टिकत नसे, म्हणून तास आमच्या हॉलमध्ये. मोज्यांचा गोळा पायावर नाचवायचा आणि अडतीस मुलांनी आपापल्या घरात तेच करायचं. आमची स्वरा त्याच वर्गात. तिला मात्र हॉलमध्ये बंदी.

“सर, यू आर इन माय हाउस.”

“हजेरी स्क्रीनवर. यल्ला, आत जा.”

हजेरी दोनदा, सुरुवातीला आणि सुटताना. मी घड्याळ लावून बघितलं. “नऊ मिनिटं हजेरीतच जातात, सर.”

“जाऊ देत. मैदानावर पोरगं विसरून घरी आलोय, असं कधी झालं नाही.”

एका गुरुवारी तास चालू असताना सगळ्यांच्या फोनवर धोक्याचा इशारा वाजला. स्क्रीनवरचे चौकोन एकेक करून काळे झाले. पाऊण तासाने शांत झालं, तेव्हा सरांनी दुसरी हजेरी घेतली. सदतीस मुलं बोलली. बुसैतीनला राहणारी एक मुलगी बोलली नाही. घरी फोन लागेना.

“नेट गेलं असेल,” मी म्हणालो. “उद्या कळेल.”

“हजेरी आजची आहे, कांबळे.”

ते टॅक्सी करून गेले. मी सोबत गेलो नाही. त्या आठवड्यात धड झोप नव्हती, आणि मला उठवत नव्हतं.

दोन तासांनी दारात उभे. “सापडली. फोन बंद करून सगळं घर पॅसेजमध्ये झोपलंय.” हसले, पाणी मागितलं. मी पाणी आणेपर्यंत खुर्चीत कलंडले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय.

विमानं बंद होती. कोल्हापुरातून वहिनींनी फोनवर सांगितलं, तिथंच उरका. गर्दी करायला मनाई होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचा पुन्हा फोन आला.

“टॅक्सीतनं मला फोन केलता त्यांनी. ती पोरगी बरी हाय न्हवं?”

“बरी आहे.”

“बरं झालं. हितं असते तर अख्खी पेठ आली असती. तितं किती माणसं आलती, भावजी?”

आम्ही चौघे होतो. त्यातला एक बुसैतीनला नेणारा टॅक्सीवाला.

“वहिनी,” मी म्हणालो, “मोजली नाहीत.”