साखरफुटाण्यांचं सैन्य

मुलांनो, डोळे मिटायची गरज नाही. उघडेच ठेवा आणि कल्पना करा. तुमच्यासमोर सात ताटं आहेत. एक ताट म्हणजे एक देश. एक साखरफुटाणा म्हणजे एक अब्ज डॉलर. ज्या देशाने वर्षभरात सैन्यावर जितके अब्ज डॉलर खर्च केले, तितके फुटाणे त्याच्या ताटात. दिसतंय? आता त्या ताटांमागे गणपतीची मूर्ती ठेवा, वरून झिरमिळ्या सोडा, आणि बाजूला घामाने भिजलेले शरच्चंद्र सर उभे करा. झालं चित्र तयार!

हे सर बडोद्याच्या एका शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालेले. राहायला वासण्याला, 'मैत्री पार्क' सोसायटीत. तिथे फाटकाजवळ पाण्याच्या पंपाची एक जुनी खोली रिकामी पडली होती. सरांनी मुलांना घेऊन ती झाडली, चुना लावला आणि घरातली पुस्तकं तिथे नेऊन ठेवली. खोलीत दिवा नव्हता, पंखा नव्हता, बसायला सिमेंटच्या दोन रिकाम्या गोण्या. तरी दुसऱ्या मजल्यावरची सानवी रोज संध्याकाळी अंधार पडेपर्यंत त्या गोणीवर बसून वाचायची. तिच्या घरात दोन खोल्या, माणसं सहा आणि टीव्ही एक. तो टीव्ही मात्र सहा माणसांइतका बोलायचा!

त्या वर्षी सोसायटीकडे दोन लाख रुपये शिल्लक पडले. सरांना हवा होता वाचनखोलीला दिवा, पंखा, बाकं आणि कपाट. चेअरमन श्रीपतरावांना हवे होते कॅमेरे. श्रीपतराव कोयलीच्या रिफायनरीत तीस वर्षं सुरक्षा विभागात होते. तिथे कुठे धूर दिसतो का ते बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर त्यांना सगळीकडेच धूर दिसू लागला होता. निर्णय व्हायचा होता विसर्जनानंतरच्या रविवारी, सभासदांच्या बैठकीत.

"आठ दिवसांत अख्ख्या सोसायटीला शहाणं करून दाखवतो!" सर बायकोला म्हणाले. "यंदाचा देखावा माझ्याकडे आहे. जग बंदुकांवर किती उधळतं ते डोळ्यांनी दिसलं की कॅमेऱ्याचं नाव काढायची छाती होणार नाही कोणाची!"

निरुपमाताई मेथी निवडत होत्या. "बत्तीस वर्षं शाळेत शहाणंच करत होतात ना? त्यातलाच एक श्रीपतरावांचा मुलगा."

सर पिशवी उचलून साखरफुटाणे आणायला निघाले.

फुटाणे मोजायला मुलं बसली. अमेरिकेचे हजाराला तीन कमी, चीनचे तीनशेच्या थोडे वर, रशियाचे दीडशेच्या आसपास, जर्मनीचे अठ्ठ्याऐंशी, भारताचे शहाऐंशी, पाकिस्तानचे दहा. मोजणी म्हणजे महायुद्धच झालं! अनय अमेरिका मोजत होता आणि दर शंभराला पाच खात होता.

"सर, अनयने आपलं नौदल खाल्लं!"

"खोटं! चीनने पळवलं!"

सातव्या ताटात एकही फुटाणा नव्हता. ते सानवीकडे होतं.

"हा देश कोस्टा रिका," सर म्हणाले. "यांनी पाऊणशे वर्षांपूर्वी सैन्यच बंद केलं, आणि तो पैसा शाळांकडे वळवला."

"मग त्यांच्या देशात कोणी शिरत नाही?" अनयने विचारलं.

"शिरतात की," सानवी म्हणाली. "फिरायला."

सरांना वाटलं, धडा पोचला. मुलांपर्यंत तो पोचला होताच. अडचण मोठ्या माणसांची होती.

पहिल्या दिवशी आरतीला सोसायटी लोटली. ताटांपुढे गर्दी झाली. सर छडी घेऊन सरसावले. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच मागून कोणीतरी विचारलं, "सर, आपला नंबर कितवा?"

"पाचवा. पण मुद्दा असा की..."

टाळ्यांचा कडकडाट! कोणी शिट्टी मारली. कोणी आपल्या बाळाला उचलून भारताचं ताट दाखवलं. "आणि चौथा कोण? जर्मनी? अरे, दोन फुटाण्यांचाच फरक आहे!" असं म्हणत एका काकांनी जर्मनीच्या ताटातली मूठभर उचलली, भारताच्या ताटात टाकली आणि हात जोडले. पुन्हा टाळ्या! सरांनी मूठ परत जर्मनीत टाकली तेव्हा गर्दीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू ते बर्लिनहून पगार घेतात.

श्रीपतराव पाकिस्तानच्या ताटावर वाकले. "दहाच? मग आपण यांना घाबरतो कशाला?"

"तेच तर!" सर आनंदाने ओरडले.

"बराबर. म्हणजे अजून वाढवले तर अजून कमी घाबरू!"

सर रात्रभर तळमळले नाहीत, कारण ते शिक्षक होते. वर्गाला कळलं नाही तर शिक्षकाने उदाहरण बदलायचं, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा नेम. दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता लावला. नुसता एकूण खर्च बघू नका, माणशी किती पडतो ते बघा. भारतात माणशी साठ डॉलर, अमेरिकेत जवळजवळ तीन हजार. श्रीपतरावांनी तो तीनदा वाचला आणि खिन्न होऊन म्हणाले, "म्हणजे माणशी हिशोबात आपण फार मागे आहोत, सर."

मुलांनो, इथे सरांनी गप्प बसायला हवं होतं. तुम्ही आम्ही बसलो असतो. सर बसले नाहीत! त्यांनी विचार केला, देश लांबचे आहेत, लोकांना जवळचं उदाहरण हवं. भिंतीपलीकडे 'शांतिवन' सोसायटी होती. घरं तितकीच, माणसं तशीच. सरांनी आणखी दोन ताटं मांडली. शांतिवन: तीन चौकीदार, बारा कॅमेरे, ताट शिगोशीग. मैत्री पार्क: एक चौकीदार रमाकांत, एक शिट्टी, ताटात चिमूटभर फुटाणे. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'गेल्या पाच वर्षांतल्या चोऱ्या. शांतिवन: एक सायकल. मैत्री पार्क: एक सायकल.'

इतका सोपा धडा पहिलीच्या मुलालाही कळला असता. पहिलीच्या मुलाला तो कळलाही.

आता दोन्ही सोसायट्यांची एक जुनी रीत होती. गणपतीत एके दिवशी इकडच्या आरतीचा मान तिकडच्या चेअरमनला, दुसऱ्या दिवशी तिकडचा मान इकडच्याला. तिसऱ्या दिवशी शांतिवनचे मयंकभाई झब्बा घालून, पेढ्यांचा डबा घेऊन आले. आरती झाली. मयंकभाईंनी नमस्कार केला, मान वर केली आणि समोर आपली सोसायटी ताटात मांडलेली पाहिली.

"आमचे कॅमेरे कोणी मोजले?" त्यांनी गोड आवाजात विचारलं.

"आम्ही!" अनय छाती फुगवून म्हणाला. "भिंतीवर चढून! मागच्या बाजूचे दोन तर बंदच आहेत, अंकल!"

मयंकभाई हसले. मोदक खाल्ला. "बहु सरस," म्हणाले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शांतिवनच्या भिंतीवर काटेरी तार होती.

"तार कोणासाठी?" श्रीपतराव गरजले. "त्यांच्या तीन बाजूंना रस्ता आहे. तार फक्त आपल्या बाजूला! म्हणजे चोर कोण ठरलं?"

"अहो, मुलं भिंतीवर चढली म्हणून लावली असेल," सर म्हणाले.

"म्हणजे आता आपल्या मुलांवर नेम!"

संध्याकाळी रमाकांतला काठी मिळाली. काठी हातात आल्यावर तिचं काय करायचं ते न कळून तो ती आपटत फिरला. त्या आवाजाने शांतिवनने चौथा चौकीदार ठेवला. चौथा चौकीदार आल्यावर इकडे रमाकांतला खाकी टोपी आली. टोपी पाहून तिकडे भोंगा लागला. रोज संध्याकाळी श्रीपतराव स्वतः येऊन शांतिवनच्या ताटात फुटाणे वाढवत होते, आणि रोज सकाळी मुंग्या ते कमी करत होत्या. जिथे ढीग मोठा तिथे मुंग्या जास्त. अमेरिकेच्या ताटात तर फुटाणे दिसेनासेच झाले होते!

शेवटी सर गैरसमज मिटवायला स्वतः शांतिवनमध्ये गेले. मयंकभाईंनी चहा पाजला आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही भले माणूस. पण तुमच्याकडे दोन लाख तयार आहेत असं कानावर आलंय. मग आम्ही काय झोपून राहायचं?"

"ते पैसे पुस्तकांच्या खोलीसाठी आहेत हो!"

मयंकभाईंनी चौकीदाराकडे पाहून डोळा मिचकावला. "फाटकाजवळची खोली? जिथून आमचं फाटक सरळ दिसतं, ती? समजलो, साहेब, समजलो."

आणि घरी परतले तर श्रीपतराव जिन्यात उभे. "सर, तुम्ही तिकडे चहा प्यायलात म्हणे. आकडे तर नाही ना दिले?"

त्या रात्री निरुपमाताईंनी एकच प्रश्न विचारला. "उद्या तुम्ही नवा तक्ता लावणार नाही ना?" सरांच्या हातातला जाड पेन त्यांनी हळूच काढून घेतला.

विसर्जन झालं. रविवार उजाडला. सभासद खुर्च्यांवर बसले, मुलं मागे उभी राहिली. सर भाषण पाठ करून आले होते. पण श्रीपतराव आधी उठले, आणि त्यांच्या हातात सरांचाच तक्ता!

"मित्रांनो, आपले शरच्चंद्र सर नसते तर आपण झोपेतच राहिलो असतो. त्यांच्या अभ्यासानुसार दर घरामागे शांतिवन आपल्या सहापट खर्च करतं. सहापट! हे आपल्याला कोणी सांगितलं? सरांनी! आपण किती मागे आहोत, हे कोणी डोळ्यांसमोर मांडलं? सरांनी!"

टाळ्या वाजल्या. दोघे जण शाल आणि नारळ घेऊन पुढे आले. सरांना काही कळायच्या आत शाल खांद्यावर होती आणि नारळ हातात.

"तर सोळा कॅमेरे, मोठे दिवे आणि कंट्रोल रूम. फाटकाजवळची खोली त्यासाठी अगदी फिट आहे. विरोधात कोणी?"

सरांनी हात वर केला. एका हातात नारळ, दुसऱ्याने शाल सावरलेली, म्हणून त्यांनी नारळासकटच वर केला.

"वाह! सर आभार मानताहेत!" श्रीपतराव म्हणाले, आणि सगळी सभा उभी राहून टाळ्या वाजवू लागली.

मागून सानवीनेही हात वर केला होता. "मुलांना मत नसतं, बेटा," एक काकू प्रेमाने म्हणाल्या आणि तिचा हात खाली केला. हात खाली करणारे बहुतेक वेळा प्रेमानेच करतात, मुलांनो. त्यामुळे ओरडताही येत नाही.

दिवाळीच्या आधी सगळं बसलं. खोलीला दिवा आला, पंखा आला, फिरती खुर्ची आली. सरांनी एवढीच तर मागणी केली होती! फक्त भिंतीवर कपाटाच्या जागी कॅमेऱ्यांचे पडदे होते आणि पडद्यांवर रिकामे रस्ते. पुस्तकं खोक्यांत भरून सरांच्या जिन्याखाली गेली.

एका संध्याकाळी सर शेवटचं खोकं न्यायला आले. सहा वाजून गेले होते. रमाकांत फिरत्या खुर्चीत अवघडून बसला होता. इतक्यात त्याचा फोन वाजला. श्रीपतराव घरातून मोबाइलवर सगळे कॅमेरे बघत असत.

"रमाकांत! चार नंबरला बघ! भिंतीपाशी कोणीतरी बसलंय! शांतिवनचा माणूस?"

"नाही साहेब. आपली सानवी."

"करतेय काय?"

"वाचतेय."

"वाचतेय? तिथे? कशाला?"

रमाकांतने सरांकडे पाहिलं. सरांनी खोक्याकडे पाहिलं.

"जा, विचार तिला, किती वेळ बसणार ते."

रमाकांत गेला आणि परत आला. "साहेब, साठ पानं राहिलीत म्हणते. आणि मोठा दिवा जरा आपल्या बाजूला वळवा म्हणते. सगळा उजेड भिंतीपलीकडे पडतोय, इकडे अक्षर लागत नाही."

"वेडी आहे का? त्या दिव्याचं तोंड शांतिवनकडेच राहायला हवं! तोच तर त्याचा उपयोग!"

रमाकांत पुन्हा गेला, निरोप सांगून आला. सर पडद्यासमोर उभे होते. चार नंबरच्या पडद्यावर सानवी उठली. तिने पानात बोट घातलं, पुस्तक मिटलं आणि ती भिंतीच्या कडेकडेने चालत पडद्याबाहेर गेली. गेली बिचारी घरी, असं सरांना वाटलं. पण ती पहिल्या पडद्यावर आली, आपल्या फाटकातून बाहेर पडली, आणि रस्ता धरून सरळ शांतिवनच्या फाटकाशी पोचली. तिथल्या चौकीदाराने पाहुण्यांची वही पुढे केली. तिने नाव लिहिलं, घर क्रमांक लिहिला, आणि भेटीचं कारण विचारलं होतं तिथे लिहिलं, 'आमच्या दिव्याचा उजेड तुमच्याकडे पडतो.'

मग ती आत गेली, काटेरी तारेखालच्या लख्ख उजेडात मांडी घालून बसली आणि उरलेली साठ पानं वाचू लागली.