गनी पेंटरची माणसं

आमच्या मोताळा गावाबाहेरच्या पुलावर एक पाटी आहे. त्या पाटीवरचा 'नदी' हा शब्द पावसाळ्यात दीर्घ असतो आणि उन्हाळ्यात ऱ्हस्व. पाणी आटलं की गनीभाई पेंटर डबा आणि ब्रश घेऊन पुलावर जातात, वेलांटी खरवडतात आणि 'नदि' करून परत येतात. आषाढात पूर आला की पुन्हा जाऊन 'नदी' करतात. हे काम त्यांना कोणीही सांगितलेलं नाही.

मी एकदा विचारलं, "गनीभाई, शुद्धलेखनात हे बसतं का?"

"अजी फोटोवाले, सोपं हाय," ते म्हणाले. "मोठ्याले दीर्घ, लहान्याले ऱ्हस्व. डबक्याले कोनी दीर्घ देते का?"

मी फोटोवाला. बसस्टँडसमोर माझा स्टुडिओ, आणि शेजारच्या गाळ्यात गनीभाईंचं दुकान. मधली भिंत इतकी पातळ, की माझ्याकडे गिऱ्हाईक "हसा जरा" ऐकून हसलं नाही, तर पलीकडून गनीभाई ओरडत, "हास ना बे, काय मयतीले आला काय?" आणि ते हमखास हसे.

माणूस उंच, काठीसारखा. कानावर ब्रश, आणि दाढीत चालू कामाचा रंग. निवडणुकीच्या दिवसांत त्यांच्या दाढीत सगळे पक्ष गुण्यागोविंदाने नांदत. अक्षर मात्र असं, की माणसाने सायकल थांबवून बघावं. वळणदार, टपोरं, आणि वेलांट्यांच्या बाबतीत संपूर्ण मनमानी. एका सरकारी पाटीवर त्यांनी 'गरिब' लिहिलं. ग्रामसेवक तणतणत आले. गनीभाई शांतपणे म्हणाले, "साहेब, गरिबाले कायची दीर्घ देता? त्याले झेपते का ते?" पाटी तशीच राहिली.

मग बीटी कापसाची ती वर्षं आली. नव्या बियाण्याच्या जाहिराती घेऊन कंपन्यांचे लोक रोज स्टँडवर उतरू लागले आणि गनीभाईंना जेवायला फुरसत उरली नाही. बुलढाण्याच्या वाटेवरच्या राजूर घाटाच्या अलीकडे-पलीकडे एक भिंत त्यांनी सोडली नाही. नारळाएवढी पांढरीशुभ्र बोंडं, आणि बोंडांमध्ये मिशीवाला हसरा शेतकरी. त्या शेतकऱ्याचं तोंड माझं असे. याचं कारण एवढंच, की रंगवायला नमुना लागतो आणि फुकटात समोर बसणारा मीच होतो. मी कापूस फक्त गादीत पाहिलेला. पण पंचक्रोशीच्या भिंतींवर मी बीटीचा यशस्वी शेतकरी म्हणून हसत होतो. बाजारच्या दिवशी लोक मला थांबवून विचारत, "काय हो, यंदा एकरी किती उतारा पडला?" गनीभाई पोट धरून हसत.

पहिले हंगाम चांगले गेले. फटफट्या आल्या, लग्नांचे मांडव मोठे झाले, माझाही धंदा वाढला. नंतर पाऊस फिरला. जी अळी येणार नाही असं कंपनीवाले म्हणत होते, ती बोंडाच्या आत जाऊन बसली. बाहेरून बोंड ठणठणीत, आणि फोडलं की आत किडलेलं. आणि माझ्याकडे एका वेगळ्याच कामाचं गिऱ्हाईक येऊ लागलं. हातरुमालातून पासपोर्टचा फोटो काढायचा, माझ्या टेबलावर ठेवायचा आणि खाली बघत म्हणायचं, "हा मोठा करून द्या. हार घालाचा हाय." फोटो तरण्या माणसांचे असत. हळूहळू मी वय विचारणं सोडून दिलं.

अशीच सिंधूबाई आली. घाटाखालच्या एका गावची, तिशीतली. तिच्याकडे नवऱ्याचा एकट्याचा फोटोच नव्हता. कोणाच्या तरी लग्नातला मोठा घोळक्याचा फोटो तिने आणला होता. तिने मागच्या रांगेवर बोट ठेवलं. सुखदेव ओठांचा चंबू करून उभा होता.

"तोंड असं काऊन?" मी विचारलं.

"मोराचा आवाज काढून राह्यले होते. समदे पाखरं येत त्याइले. तितराचा आवाज काढला, का खरा तितर उत्तर दे."

मी तो चेहरा कापून मोठा करत होतो. ती माझ्याकडे टक लावून बघत होती. मग म्हणाली, "तुमीच हाय ना आमच्या भिंतीवर? त्याइले ओसरीत ठेवलं होतं, तं समोर तुमी हासून राह्यले होते."

पलीकडे ब्रश डब्यात ढवळल्याचा आवाज येत होता. तो थांबला. थोड्या वेळाने गनीभाई दारात आले, तिच्याकडे पाहून म्हणाले, "बाई, तो मी काढला. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी ते मलाही तिच्या गावी घेऊन गेले. आधी माझं तोंड झाकलं, मग बोंडं, मग बियाण्याचं नाव. चुन्याचे हात मारून भिंत कोरी केली. "आता काय लिवू?" त्यांनी विचारलं.

"त्याइचं नाव लिवा. बस," सिंधूबाई म्हणाली.

तिचा दीर आतून बाहेर आला. "भिंतीवर नाई. घरात पोरी हायेत लग्नाच्या. येनारा-जानारा वाचीन, काय झालं होतं म्हनून इचारीन."

तो वाईट माणूस नव्हता. घाबरलेला होता. सिंधूबाई कोऱ्या भिंतीकडे बघत राहिली. गनीभाईंनी ब्रश पुसला, कानावर ठेवला आणि म्हणाले, "बरं. घरावर नाई. रस्ता तं कोनाच्या घरचा नाई ना?"

घाटातल्या खदानीवर दगड फोडणाऱ्या वडारांकडे टवके उडालेले, विक्रीला न चालणारे दगड पडून असतात. त्यातला एक कमरेएवढा दगड गनीभाईंनी मागून आणला. छोटा हत्ती टेम्पोत तो दगड, दगडाला मिठी मारून गनीभाई, असे ते गावाच्या फाट्यावर उतरले. रस्त्याच्या कडेला, बाभळीच्या सावलीत दगड रोवला, पांढरा केला आणि त्यावर लिहिलं:

'सूखदेव. याले समद्या पाखराईचे आवाज काढता येत.'

कसा गेला, काऊन गेला, यातलं एक अक्षर नाही.

शाळेचे मास्तर सायकलवरून चालले होते. ते थांबले. "गनीभाई, सुखदेवमधला 'सु' ऱ्हस्व असतो. सुख ऱ्हस्वच."

"मालूम हाय, गुरुजी," गनीभाई म्हणाले. "त्याच्या वाट्याले लहानच आलं. दगडावर तं मोठं राहू द्या."

मास्तरांनी चप्पल काढली, दगडाला हात लावला आणि गेले. त्या दिवसापासून गनीभाईंनी बोंडं रंगवणं बंद केलं. पिठाची गिरणी, शाळेचे फळे, लग्नाच्या कमानी यांवर भागवू लागले.

एका दगडावर हे थांबेल असं मला वाटलं होतं. पण फाट्यावर एसटी थांबते, आणि एसटीतली माणसं वाचतात. महिन्याभरात चिखलीकडची एक म्हातारी दुकानात येऊन बसली. तिला तिच्या गेलेल्या मुलासाठी दगड पाहिजे होता. गनीभाईंनी एकच प्रश्न विचारला, तोच ते पुढे प्रत्येकाला विचारत राहिले. "त्याले काय मस्त जमे?"

हा प्रश्न त्या लोकांना कोणीच विचारलेला नसे. सरकारी माणसं जमीन विचारत, बातमीवाले शेवटचा दिवस विचारत. हा प्रश्न ऐकून माणसं आधी गोंधळत, मग आठवू लागत, आणि आठवता आठवता एखादी बाई चक्क हसे. पातळ भिंतीपलीकडून ते हसू ऐकताना माझा हात थांबत असे. 'याच्या हातचं वांग्याचं भरीत खासाठी पाहुने मुक्काम करत.' 'हा उलटा पोहे.' 'याचा बैल याचंच ऐके.' 'फवारनीले जाये तरी डोक्याले चमेलीचं तेल लावून जाये.'

दगड कुठे लावायचा, याचाही त्यांचा कायदा होता. मोताळ्याहून घाट चढून बुलढाणा, तिथून चिखली आणि पुढे देऊळगाव राजा, या एकाच रस्त्यावर. गाव आडबाजूला असलं तरी दगड याच वाटेवर. मी म्हटलं, "ज्याच्या त्याच्या गावात लावा ना."

"नाई. एकटे गेले ते," गनीभाई म्हणाले. "आता एकटे ठेवाचे नाई."

काही वर्षांत ती वाट देऊळगावच्या वेशीपर्यंत पोचली. दूरदूरचे लोक बघायला येऊ लागले. त्यातले एक पाहुणे उत्साहाने म्हणाले, "मध्ये मध्ये रिकाम्या जागा आहेत, त्या भरल्या की काम पूर्ण होईल."

गनीभाई असे चिडलेले मी कधी पाहिले नाहीत. "तौबा करा! पुरं कराचं नाई हे. जागा खाली राहू द्या. दरसाल खाली राहिली तं मी मोताळ्याच्या चौकात जिलबी वाटीन."

कापसाची वेचणी संपली, की सिंधूबाई ती वाट पायी चालायची. तिला बघायचं होतं, आपल्या माणसाचे शेजारी कोण कोण आहेत. पुढच्या साली तिच्याबरोबर चिखलीची म्हातारी होती. मग दगडागणिक माणसं वाढत गेली. ज्या गावात मुक्काम पडे तिथे देवळात, शाळेत, मशिदीच्या ओट्यावर निजायची. ज्या बायका घरात कोणाशी बोलत नव्हत्या, त्या चालताना एकमेकींशी बोलत.

आणि मग रस्ता रुंद करायचं काम निघालं. कंत्राटदाराचा सुपरवायझर दुकानात आला. पोरगा सभ्य होता. "काका, दगड कामाच्या आड येताहेत. सोमवारपासून मशीन लागणार. त्याआधी तुम्ही उचलून घ्या, नाहीतर मला बाजूला टाकावे लागतील."

"मी एकटा उचलू?" गनीभाई म्हणाले. तो गेल्यावर ते स्टुलावर बसून राहिले. दाढीत त्या दिवशी कुठलाच रंग नव्हता. मी सिंधूबाईला फोन केला. ती एवढंच म्हणाली, "बरं. सांगतो समद्याइले."

सोमवारी सकाळी मी गनीभाईंना स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो. फाट्यावर सिंधूबाई होती. हातात पहार घेऊन तिचा तोच दीर होता, आणि त्याच्या मुली दोरखंड ओढत होत्या. बाभळीमागच्या शेतकऱ्याने बांधाची पट्टी मोकळी करून दिली होती. सुखदेवचा दगड हळूहळू मागे सरकत होता. पुढच्या दगडापाशी बैलगाडी. त्याच्या पुढच्यापाशी आठ-दहा बाया पदर खोचून उभ्या. आम्ही घाट चढलो, बुलढाणा ओलांडलं, आणि जिथे जिथे दगड होता तिथे तिथे माणसं होती. दर थोड्या अंतरावर माती उकरल्याचा वास, आणि "हां, हां, धरा, हलू" असे आवाज. चिखलीपुढे तर माझ्याच्याने स्कूटर चालवणं होईना. मी मैलोन्‌मैल कडेला उभी असलेली ती माणसं बघत होतो आणि डोळे पुसत होतो. मागे बसलेल्या गनीभाईंचा माझ्या खांद्यावरचा हात घट्ट होत चालला होता.

देऊळगावच्या अलीकडे एका दगडापाशी कोणीच नव्हतं. त्या घरात मागे कोणी उरलंच नव्हतं. समोर जेसीबी उभा. आम्ही पोचायच्या आत ड्रायव्हर खाली उतरला, त्याने दगडावरचं वाचलं, डोक्याचा रुमाल काढून दगडाभोवती गुंडाळला, आणि मशीनच्या पंज्याने, लेकरू उचलावं तसा तो दगड उचलून बांधावर नेऊन ठेवला. गनीभाई त्याच्याजवळ गेले आणि त्याच्या दोन्ही हातांना त्यांनी आपले डोळे लावले.

त्या हंगामानंतर मीही त्या चालण्याला जाऊ लागलो. गनीभाई सगळ्यांच्या मागे राहतात, हे मला तेव्हा कळलं. माणसं पुढे गेली, की ते प्रत्येक दगडापाशी थांबतात, निघालेला रंग पुन्हा भरतात, आणि भरता भरता दगडाशी गप्पा मारतात. "काय पाटील, बरं हाय ना? यंदा पानी मस्त झालं. कापूस तं असा आला, घरात ठेवाले जागा नाई. भाव बी झकास हाय."

त्या साली पाऊस दडी मारून बसला होता, आणि भावाचं नाव घेऊ नये अशी गत होती. मी हळूच म्हटलं, "गनीभाई, खोटं काऊन सांगता त्यांना?"

त्यांनी ब्रश पुसला. माझ्याकडे बघितलं नाही.

"खरं ऐकूनच तं गेले ना ते."

मग गुडघ्यावर हात देऊन उठले आणि पुढे चालू लागले. मी मागोमाग निघालो. पुढच्या दगडापाशी ते वाट बघत उभे होते. तो दुसऱ्याच एका म्हातारीचा दगड होता. तिने मुलाच्या मागे एकटीने शेती रेटली होती, आणि मग तीही गेली होती.

"हिले तुमी सांगा," गनीभाई म्हणाले.

मला एकदम लाजल्यासारखं झालं. आजूबाजूला कोणी नव्हतं, तरी मी घसा खाकरून पुटपुटलो, "आजी, पाऊस चांगला झाला यंदा. कापूस पण चांगला आला."

"मोठ्यानं बोला ना, फोटोवाले," गनीभाई रागावून म्हणाले. "बाईले कमी ऐकू ये."