जाळीऐवजी पाटी

अपघात दोन प्रकारचे असतात: सूचना न देता झालेले आणि सूचना देऊन झालेले. पहिल्याला कारखान्याचा निष्काळजीपणा म्हणतात, दुसऱ्याला कामगाराचा. सुधारलेल्या कारखान्यात पहिला प्रकार सहसा घडू देत नाहीत.

या कारखान्यात तो घडत नसे, त्याचं सगळं श्रेय सुरक्षा विभागातल्या पाटीकाकांना. काकांनी उभी हयात पाट्या रंगवण्यात घालवली. 'फरशी निसरडी आहे' ही पाटी त्यांचीच (ती लागल्यापासून फरशी पुसणं बंद झालं, गरजच उरली नाही). जिन्यावर छप्पर कलंडलं होतं, तिथे 'वर लक्ष ठेवा'. त्याच जिन्याच्या पायऱ्या फुटल्या होत्या, तिथे 'खाली लक्ष ठेवा'. कामगार माना वरखाली करत ये-जा करायचे आणि पाहुण्यांना वाटायचं, काय नम्र माणसं आहेत हो इथली!

तर एकदा पत्रा कापायच्या यंत्राची जाळी तुटली. पात्यापुढची ही जाळी गेली, की पातं आणि बोटं यांच्यामध्ये फक्त नशीब उरतं. आणि त्या यंत्रावर काकांचा जावई होता.

लेक तणतणत माहेरी आली. "बाबा, साहेबांना सांगून ती जाळी आधी बसवून घ्या. हे घरी येईपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो."

"अगं, जाळी दुरुस्ती विभागाकडे. आमच्याकडे फक्त पाटी," काका म्हणाले. "पण अशी फक्कड पाटी करतो, बघत राहशील."

"मला पाटी नाही बघायची! ह्यांचे हात बघायचेत, सगळ्या बोटांसकट!"

पोरीचं खरं आहे, हे काकांना कळत होतं. म्हणून त्यांनी ही पाटी नेहमीपेक्षा जास्त जीव ओतून करायची ठरवली.

पहिला मसुदा होता, 'हात घालू नका'. सुरक्षा कमिटीला तो उद्धट वाटला. वकिलांनी विचारलं, फक्त हातच का? कोपराने काय घोडं मारलंय? मोठ्या साहेबांना शेवटी काहीतरी मायेचं हवं होतं. कुणाचंच मन मोडायचं नाही म्हटल्यावर मजकूर वाढत गेला, अक्षर बारीक होत गेलं आणि पाटी तयार झाली ती अशी:

'सर्व संबंधितांस नम्र सूचना देण्यात येते की, सदर यंत्राच्या पात्यासमोरील जाळी तात्पुरत्या स्वरूपात (पुढील आदेशापर्यंत) उपलब्ध नसल्याने हात, कोपर, बाही, टाय वा शरीराचा अन्य कोणताही वैयक्तिक भाग पात्याच्या सान्निध्यात नेऊ नये. नेल्यास तो स्वतःच्या जबाबदारीवर परत आणावा. यंत्र तातडीने थांबवण्याचे लाल बटण जागेअभावी प्रस्तुत पाटीमागे असून गरज भासल्यास पाटीचे चारही स्क्रू काढावेत. काढलेले स्क्रू भांडारात जमा करावेत. आपली सुरक्षा हाच आमचा ध्यास.'

यंत्रावर सपाट जागा एकच होती, पात्याशेजारी. तिथे ती बसली. सगळ्या कामगारांनी 'वाचले व समजले' म्हणून सह्या केल्या, जावयानेही केली. सुरक्षेचं प्रमाण त्या दिवशी शंभर टक्क्यांवर गेलं (सुरक्षा सह्यांवर मोजतात).

जावई मुळात गुणी. सासऱ्यांनी एवढं केलंय तर नीट वाचावं तरी, म्हणून एकदा काम करता करताच तो वाचायला पुढे वाकला. अक्षर बारीक, म्हणून आणखी वाकला. बाही पात्यात गेली. शेजारचा फिटर ओरडला, "अरे, बटण दाबा! बटण कुठंय?" बटण कुणालाच सापडलं नाही. मुख्य स्विच पाडेपर्यंत दोन बोटं गेली होती.

चौकशी झाली. निष्कर्ष समाधानकारक निघाला: अपघाताच्या क्षणी कामगार सूचना वाचत होता, म्हणजे सूचना परिणामकारक होती. दोष एवढाच, की तो अर्ध्यापर्यंतच पोचला होता. काकांना प्रशस्तिपत्र मिळालं.

ते खिशात तसंच ठेवून काका दवाखान्यात गेले. लेक रडत नव्हती. तिने विचारलं, "बाबा, बटण कुठे होतं?"

"पाटीत लिहिलं होतं गं."

"तुम्ही वाचलं होतंत?"

प्रत्येक अक्षर काकांच्या हातचं होतं, वेलांट्यासुद्धा. "मी... मी रंगवलं होतं," ते म्हणाले, आणि 'शांतता राखा' या पाटीखाली बसून लहान मुलासारखे ढसाढसा रडले (पाटी दुसऱ्या कुणाची होती, अक्षर यथातथाच). लेकीने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

जाळी अजून यायची आहे. दरम्यान पाटीच्या वर दुसरी पाटी लागली आहे: 'खालील पाटी वाकून वाचू नये.'

वाचकांनी उगाच हळहळू नये. पाटी वर अख्खी छापली आहे. ज्यांनी ती पटकन ओलांडून पुढचं गाठलं, त्यांची सही जावयाच्या सहीखाली धरण्यात आली आहे. आणि ज्यांना बटण तिथेच दिसलं, जे गालात हसले आणि आता काय होतंय ते बघायला पुढे वाचत राहिले, त्यांच्यासाठी कमिटीत एक खुर्ची रिकामी ठेवली आहे.