सगुणाबाईंची दुलई

मुलांनो, एका जंगलात एक वॉशिंग मशीन होतं. तिथे वीज कुठून आली, असं विचारायचं नाही. गोष्टीत वीज असतेच. भारनियमन फक्त खऱ्या गावांत असतं.

मशीन होतं सगुणाबाई अस्वलिणीचं. थंडी पडली की दुलईत शिरायचं आणि पळस फुलला की बाहेर यायचं, ही त्यांच्या घराण्याची रीत. दुलई सावरीच्या कापसाची, चांगली जाडजूड. पण बाईंचा नवरा गुबाजीराव अंथरुणात बसून मध खायचा, त्यामुळे दुलईला वास मारू लागला होता.

थंडी तोंडावर आली. सगुणाबाई वारुळं शोधायला निघाल्या आणि जाताना नवऱ्याला म्हणाल्या, तेवढी दुलई धुऊन टाका.

एका दुलईसाठी मशीन फिरवणं गुबाजीरावाला उधळपट्टी वाटली. त्याने सतरंज्या, सगळ्या उशा आणि स्वतःचं कांबळंही आत कोंबलं. झाकण लागेना, तेव्हा तो वर बसला. मळ जास्त म्हणून पावडरीचा अख्खा डबा ओतला. मशीन थरथरलं, उड्या मारू लागलं आणि चालत चालत ओढ्यापर्यंत गेलं. फेसात एक ससा हरवला, तो संध्याकाळी सापडला.

दुलईच्या एका कोपऱ्यात कापसाचे गोळे जमले, बाकी नुसतं कापड उरलं. वरून कोरडी लागली म्हणून गुबाजीने तिची घडीही घातली.

सगुणाबाई परतल्या. त्यांनी दुलई हुंगली आणि सुई-दोरा हातात घेतला. अशा वेळी शहाण्या नवऱ्याने घाबरावं. गुबाजी मध शोधत होता.

बाईंनी आधी उसवलेल्या जागी टाके घातले. मग मशीनमध्ये दुलई एकटीच टाकली, ती मोकळी फिरेल अशी. पावडर थोडीच घातली. साध्या पाण्यातून ती पुन्हा एकदा काढली. उन्हात खडकावर पसरली, दिवसभर उलटली-पालटली, हातांनी गोळे मोडले. आतपर्यंत वाळल्याशिवाय उचलली नाही. दुलई पुरीसारखी फुगली.

इथेच बाई चुकल्या. खडकावरची दुलई सगळ्या जंगलाने पाहिली.

दुसऱ्याच दिवशी हत्तीण गादी घेऊन आली. तुमच्या हाताला गुण आहे हो, म्हणाली. मग रानडुकरांची गोधडी आली. ती कशी होती, ते जेवायच्या आधी सांगत नाही. माकडं तर उशा झाडावरूनच टाकू लागली. सिंहमहाराजांनी बाईंना 'धुलाईरत्न' पदवी दिली आणि पदवीबरोबर आपली रजई पाठवली.

गुबाजीरावाकडे कोणी साधा रुमालही दिला नाही. तो स्वच्छ दुलईत घोरत होता. थंडी वाढत चालली. सगुणाबाईंचे डोळे मिटत होते आणि अंगणात गाठोडी वाढत होती. त्यांना रडूच आलं.

मग त्यांनी नवऱ्याला हलवून उठवलं.

"अहो, तुम्ही दुलई धुतलीत ना, ती पद्धत मला नीट सांगा."

गुबाजी हरखला. बायको पहिल्यांदाच त्याला काही विचारत होती. त्याने सगळं सांगितलं, अख्ख्या डब्यासकट.

महाराजांची रजई त्याच पद्धतीने धुतली गेली. सोबतीला रानडुकरांची गोधडी होती. महाराज रात्रभर गोळ्यांवर तळमळले आणि सकाळी शिंकत उठले. पदवी परत गेली. बाईंचा हात बिघडला, अशी बातमी फिरली. ज्याने त्याने आपापलं गाठोडं मुकाट उचलून नेलं.

सगुणाबाईंनी गुबाजीरावाला मधाच्या पोळ्यासकट बाहेर काढलं, दुलई अंगाभोवती घट्ट लपेटली आणि त्या पळस फुलेपर्यंत झोपल्या.

तात्पर्य: प्रत्येक काम नीट करायला शिकावं. मात्र ते लोकांसाठी करायची वेळ आली, तर नवऱ्याला विचारावं.